डन्स्टेबलची ग्लायडिंग स्पर्धा आणि ट्रेलर ओढणारे आम्ही

ट्रेलरवाला:
मागे गप्पांच्या धाग्यात मी सहज लिहून गेलो की उन्हाळ्यात ग्लायडरचा (म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा) ट्रेलर ओढायला जातो, तर चार जणांनी विचारलं हे काय नवीन खूळ. म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला असतो. ऑफिसातला एक सहकारी डन्स्टेबलच्या लंडन ग्लायडिंग क्लबमध्ये उडतो. नावात लंडन असलं तरी क्लब आहे बेडफर्डशायरमध्ये, डन्स्टेबल डाउन्स नावाच्या खडूच्या टेकडीच्या पायथ्याशी, १९३० पासून. टेकडीचा उतार पश्चिमेला, त्यामुळे पश्चिमेचा वारा आला की टेकडीला अडून वर चढतो आणि त्याच्यावर ग्लायडर तासन्तास इकडून तिकडे करत राहतात. वर नॅशनल ट्रस्टचं कॅफे आहे, तिथे चहा घेऊन उभं राहिलं की कित्येकदा ग्लायडर अगदी डोळ्यांच्या पातळीवरून जातो, पायलटची टोपी दिसते आणि हवेचा फक्त एक सूंऽऽ असा आवाज. इंजिन नाहीच ना.

तर या क्लबवर उन्हाळ्यात रीजनल्स नावाची स्पर्धा होते. म्हणजे नॅशनल्सच्या, राष्ट्रीय स्पर्धेच्या, एक पायरी खाली. शनिवारी सुरू होऊन पुढच्या रविवारी संपते, ९ दिवस, पण ९ च्या ९ दिवस उडतात असं कुणी समजू नका, हे इंग्लंड आहे, निम्मे दिवस लोक हँगरमध्ये बसून ढगांना शिव्या घालतात.

उडायचा दिवस असला की सकाळी ब्रीफिंग. आधी हवामानवाला सांगतो थर्मल (तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, ग्लायडर तिच्यात घिरट्या घालत वर जातो) कधी सुरू होणार, ढगांचा तळ किती उंचीवर असणार, वारा कुठून. मग टास्क देतात. टास्क म्हणजे नकाशावरचे दोन-चार टर्नपॉइंट, जिथून वळून यायचं त्या जागा, उदा. ग्राफम वॉटरचा तलाव, मग बॅनबरीकडे, मग घरी. हवा बेताची असेल तर १५० किलोमीटर, झकास असेल तर ३०० च्या वर. इंजिनाशिवाय, परत सांगतो.

मग सगळे ग्लायडर धावपट्टीवर रांगा करून लावतात, त्याला ग्रिड म्हणतात. पंखांवर कव्हरं, कुणी पंखांच्या टाकीत नळीने पाणी भरतोय (हो पाणी, वजन वाढलं की तोच ग्लायडर त्याच उताराने पण जास्त वेगात सरकतो, थर्मल कमजोर निघाले तर पाणी हवेत सोडून द्यायचं), कुणी पुढच्या कडेवरचे मेलेले किडे फडक्याने पुसतोय. किड्यांनी फरक पडतो का, तर पडतो, पंखावरून हवा गुळगुळीत जात नाही. काही ग्लायडरना तर उडताना किडे पुसणारे छोटे वायपर असतात, दोरीने पंखाच्या टोकापर्यंत जाऊन परत येतात, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसतच सुटलो होतो.

मग टग विमानं एकेकाला ओढून २००० फुटांवर सोडतात. सगळे वर पोचले की थोड्या वेळाने स्टार्ट लाइन उघडते. आणि इथे खरा खेळ आहे. लाइन उघडली म्हणून कुणी लगेच निघत नाही! वेळ तुम्ही लाइन ओलांडली की मोजायला लागतात, मग सगळे तिथेच घिरट्या घालत एकमेकांकडे बघत बसतात. आधी गेलात तर पुढचे थर्मल तुम्हालाच शोधावे लागतात, मागून येणारे तुम्हाला बघून फुकटात वर चढतात. उशिरा गेलात तर संध्याकाळी हवा मरते आणि तुम्ही कुणाच्या तरी शेतात.

शेतात उतरला की मला फोन. मी ट्रेलर घेऊन निघतो. बाकीचं प्रतिसादांत लिहितो, आत्ता कुकरची शिट्टी झाली.

बेडूकउडी:
जबरी! येऊ द्या पुढचं. पण शेतात उतरला म्हणजे क्रॅशच की, एवढ्या सहज काय सांगताय

भुईमूग:
वाचतेय. आम्ही रेडिंगला असतो, लेक १४ ची आहे आणि तिच्या शाळेतली एक मुलगी ग्लायडिंगला जाते. तेव्हापासून आमच्याकडे रोज तोच विषय. मला तर कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्यांना बघूनच पोटात गोळा येतो.

हडपसरकर:
अरे वा, माझा विषय! @भुईमूग, कामशेत, पाचगणीचं ते कापडी पंखाचं, पायाने पळत टेकऑफ. हे वेगळं. ग्लायडर म्हणजे पूर्ण विमान, पंख, शेपूट, कॉकपिट, काठी, पेडल, फक्त इंजिन नाही.

मी कॉलेजात असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला जायचो. डीजीसीएचं, म्हणजे सरकारी विमान खात्याचं सेंटर, सासवड रोडला, आसपास तेव्हा बऱ्यापैकी मोकळं होतं, आता बघाल तर सगळीकडे टॉवर. तिथे टग विमान नाही, विंच. म्हणजे धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला मोठं इंजिन लावलेला ड्रम, त्याची लांबलचक तार ग्लायडरच्या पोटाला अडकवायची, ड्रम तार गुंडाळायला लागला की काही सेकंदांत तुम्ही जवळजवळ आकाशाकडे तोंड करून चढत असता. वर गेलं की तार सोडायची, खट असा आवाज होतो आणि मग एकदम शांत.

बहुतेक वेळा एक चक्कर आणि खाली. पण एप्रिल-मेच्या दुपारी घारी कुठे गोल फिरतायत ते बघून तिकडे गेलं आणि नशीब असलं तर मस्त वर जायचो. आमचे इन्स्ट्रक्टर म्हणायचे घार पंख हलवत नसेल तर तिच्याखाली जा, हलवत असेल तर ती पण तुझ्यासारखीच अडकलीय. :D

ट्रेलरवाला:
@हडपसरकर वाह! डन्स्टेबललाही घारी आहेत बरं का, लाल घारी. इंग्लंडातून पार संपल्या होत्या, १९८९ पासून चिल्टर्न्सच्या डोंगरांत परत आणून सोडल्या, आता इतक्या झाल्यात की आमच्या अंगणात सँडविच ठेवायची सोय नाही. पायलट लोक त्यांच्यावर नजर ठेवूनच असतात.

@बेडूकउडी, क्रॅश अजिबात नाही. शेतात उतरणं हे ट्रेनिंगमध्येच शिकवतात, त्याशिवाय क्लबपासून लांब जायला परवानगीच मिळत नाही. ढोबळ हिशोब असा की २००० फुटांवर आलात आणि वर जायला काही मिळत नाहीये तर उतरता येईल असा भाग बघा, १५०० वर नेमकं शेत ठरवा, १००० ला उतरण्याची चक्कर सुरू करा, आणि त्यानंतर एखादा थर्मल लागला तरी मोह टाळा. अपघात जास्त करून तिथेच होतात, ठरवायला उशीर केला की.

शेत कसं हवं तर गहू कापून झालेलं, नुसती धसकटं उरलेलं. मका नको, उंच पीक नको, उतार नको, तारा नको. गायी असतील तर अजिबात नको. गायी पळून जात नाहीत उलट जवळ येतात आणि ग्लायडर चाटतात, चावतात, अंग घासतात. विनोद नाही, खरंच नुकसान होतं.

तर्कट:
छान लिहिलंय पण मला एक कळत नाही. यात कौशल्य काय? ज्याला थर्मल सापडला तो जिंकला, ज्याला नाही तो शेतात. आणि ज्याच्याकडे महागडा ग्लायडर तो लांब जाणार. श्रीमंतांची लॉटरी आहे ही. राग नसावा.

ट्रेलरवाला:
राग कसला, हाच प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारला होता.

महाग ग्लायडरचं आधी. रीजनल्समध्ये हँडिकॅप असतो. प्रत्येक मॉडेलला त्याच्या क्षमतेप्रमाणे आकडा दिलेला असतो आणि तुमचा वेग त्या हिशोबाने दुरुस्त करून गुण देतात, त्यामुळे चाळीस वर्षं जुन्या ग्लायडरवाला कोऱ्या करकरीत ग्लायडरवाल्याला हरवू शकतो, आणि हरवतो. मला तर तेच बघायला जास्त आवडतं. दिवसाला जास्तीत जास्त १००० गुण, सगळ्या दिवसांची बेरीज. ज्याने टास्क पूर्ण केला त्याला वेगाचेही गुण, जो शेतात उतरला त्याला फक्त अंतराचे. आणि दिवसच भंगार निघाला, बहुतेक सगळे शेतात, तर त्या दिवसाचं वजनच कमी करतात, १००० च्या जागी कमी गुणांचा दिवस.

आता लॉटरीचं. नशीब एका दिवसात चालतं. आठवडाभरात तीच तीच नावं वर येतात, दरवर्षी. का ते सांगतो. समजा थर्मल तुम्हाला ४ नॉटने वर नेतोय, म्हणजे मिनिटाला साधारण ४०० फूट. ३००० फूट चढायला साडेसात मिनिटं. तोच थर्मल २ नॉटचा असेल तर पंधरा मिनिटं. तेवढ्या साडेसात मिनिटांत बाकीचे पंधरा किलोमीटर पुढे गेलेले असतात. म्हणजे स्पर्धा सरळ उडण्यात जिंकत नाहीत, घिरट्या घालण्यात कमी वेळ घालवून जिंकतात. वर जाणारी हवा सोडून द्यायची, का तर पुढे याहून चांगली मिळेल असं वाटतंय म्हणून, याला काळीज लागतं. दादरला जागा मिळालेली स्लो लोकल सोडून फास्टसाठी प्लॅटफॉर्मवर उतरण्यातली गोष्ट आहे, फक्त फास्ट आली नाही तर शेत.

आणि दोन थर्मलच्या मध्ये किती वेगात जायचं याचंही गणित आहे. पुढचा थर्मल जोरदार असणार असेल तर नाक खाली करून सुसाट जा, उंची गेली तरी भरून निघेल. कमजोर असेल तर हळू जा, उंची जपा. हे गणित ज्याच्या नावाने ओळखतात तो पॉल मॅकक्रेडी, १९५६ चा जागतिक विजेता अमेरिकन. पुढे माणसाने पेडल मारून उडवायचं गोसामर काँडॉर विमान बनवलं तोच हा.

पैशाचं म्हणाल तर स्वस्त नाही, मान्य. पण बहुतेक लोक तीन-चार जण मिळून एक ग्लायडर घेतात, जुना फायबरग्लासचा साध्या गाडीच्या किमतीत येतो. ग्रिडवर निवृत्त प्लंबर पण बघितलाय आणि शिकणारी पोरं पण.

वैमानिक नव्हे:
+१. थोडी भर घालतो, एरोनॉटिक्सवाला असल्याने राहवत नाही.

आधुनिक ग्लायडर साधारण ४० ला १ सरकतो, म्हणजे १ किलोमीटर उंचीवरून शांत हवेत ४० किलोमीटर. कागदावर. प्रत्यक्षात दोन थर्मलच्या मधली हवा खाली जात असते, त्यामुळे शहाणा पायलट याच्या निम्म्यावरच भरवसा ठेवतो.

स्पर्धांचा इतिहास मजेदार आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर विमानांची बंधनं आली, मग तिथली पोरं बिनइंजिनाच्या विमानांकडे वळली आणि १९२० पासून वासरकुप्पे डोंगरावर स्पर्धा सुरू झाल्या. त्यातूनच तयार झालेला ऑस्ट्रियन क्रोनफेल्ड १९३० ला इंग्लंडात प्रात्यक्षिकं करून गेला आणि १९३१ ला त्याने ग्लायडरमधून इंग्लिश खाडी जाऊन-येऊन पार केली, डेली मेलचं १००० पौंडांचं बक्षीस होतं. इंग्लंडातले क्लब त्याच लाटेतले.

डन्स्टेबलचं क्लबहाउस बघितलंय का कुणी? १९३० च्या दशकातलं, गोलसर आधुनिक शैलीचं, संरक्षित इमारत आहे. वास्तुविशारद ख्रिस्तोफर निकल्सन, चित्रकार बेन निकल्सनचा भाऊ. तो स्वतः ग्लायडर पायलट होता आणि १९४८ ला स्वित्झर्लंडमध्ये सामेदानच्या जागतिक स्पर्धेत अपघातात गेला.

आपल्याकडेही अगदी काही नव्हतं असं नाही, नागरी विमान खात्याने रोहिणी नावाचा शेजारी-शेजारी दोन सीटचा ग्लायडर बनवला होता, १९६१ ला उडाला. एनसीसीच्या एअर विंगमध्येही ग्लायडर होते, नंतर मायक्रोलाइट आली.

पोहे विदाउट कांदा:
इतक्या तांत्रिक चर्चेत माझा बावळट प्रश्न. चार-पाच तास वर असतात तर बाथरूमचं काय???

ट्रेलरवाला:
=)) हा प्रश्न प्रत्येक जण मला बाजूला घेऊन विचारतो. पिशवी किंवा नळी. नळीचं दुसरं टोक विमानाच्या बाहेर. म्हणून कमी उडणाऱ्या ग्लायडरखाली तोंड वर करून उभं राहू नये.

तर्कट:
लोकलचं उदाहरण पटलं. बरं, मग भारतात अशा स्पर्धा का नाहीत? हवा तर आपल्याकडे जास्त तापते.

हडपसरकर:
हवा तापते आणि मस्त तापते. मार्च ते मे पुण्याच्या आसपासचे थर्मल इंग्लंडवाल्यांनी हेवा करावा असे.

पण बाकीचं बघा. एक म्हणजे लोहगावला एअर फोर्सचा तळ, त्यामुळे हवाई हद्द त्यांची, मनात आलं आणि निघालो सोलापूरकडे असं नाही होत. दुसरं शेतात उतरायचं तर ऊस, बांध, विजेच्या तारा, विहिरी, आणि काळ्या रानात ढेकळं. उतरलात तरी पाच मिनिटांत पाचशे माणसं, कुणी पंखावर पोर बसवून फोटो काढणार. तिसरं आणि माझ्या मते खरं कारण, हे क्लबांचं काम आहे. ट्रेलर ओढणारा, विंच चालवणारा, चहा करणारा, ग्रिडवर पंख धरून पळणारा, सगळे मेंबर. ब्रिटनमध्ये असे ८० च्या आसपास क्लब आहेत. आपल्याकडे सरकारी सेंटर आणि आपण तिकीट काढून बसणारे. सेंटरची माणसं चांगली होती, त्यांनीच आम्हाला शिकवलं, पण क्लब नाही तर स्पर्धा कोण भरवणार आणि कुणाशी.

वैमानिक नव्हे:
डन्स्टेबललाही हद्दीचा त्रास आहेच की. ल्युटन विमानतळ उशाशी.

ट्रेलरवाला:
हो ना. पूर्वेला ल्युटन आणि पुढे स्टॅन्स्टेड, दक्षिणेला हीथ्रो, म्हणून टास्क जास्त करून उत्तर-पश्चिमेला असतात. प्रत्येक ग्लायडरमध्ये मार्ग नोंदवणारा जीपीएस लॉगर असतो, रात्री त्याची फाइल गुण मोजणाऱ्या स्कोअररला द्यायची. हद्दीत घुसलात तर दंड, तिथे वशिला चालत नाही.

बरं शेताचं राहिलं होतं ते सांगतो. मागच्या स्पर्धेत एक दिवस दुपारनंतर वरून पातळ ढगांचा थर आला, जमीन तापायची थांबली आणि थर्मल मेले. आम्ही क्लबवर बसून फोनवर ग्लायडरचे ठिपके बघतोय, एकेक ठिपका हळूहळू होत होत थांबतोय. आमचा बकिंगहॅमच्या उत्तरेला थांबला. फोन आला, ठीक आहे, लोकेशन पाठवलंय, फाटकाला कुलूप आहे.

गाडी, मागे तो लांबडा ट्रेलर, आणि इंग्लंडातले ते झाडोऱ्यातले एका गाडीपुरते रस्ते. समोरून ट्रॅक्टर. मागे घ्यायचं कसं हे ज्याला माहीत आहे त्यानेच या भानगडीत पडावं. पोचलो तर शेतकरी चार चाकांच्या बाइकवरून आधीच आलेला. पहिला प्रश्न, कुणाला लागलं का? दुसरा, चहा घेणार का? कुलूप काढून दिलं, धुऱ्याने गाडी घाला म्हणाला. (पायलट अशांसाठी ट्रेलरमध्ये वाइनची बाटली ठेवून असतो, पूर्वापार पद्धत.)

मग ग्लायडर सुटा करायचा. आधी पंखाच्या सांध्यावरची पांढरी टेप सोलून काढायची, मग शेपटीचा आडवा भाग काढायचा, मग एक जण पंखाच्या मुळाशी, एक टोकाशी, तिसरा मधली पिन ओढतो. १५ मीटरचा ग्लायडर म्हणजे एकेक पंख साडेसात मीटर, मुळाशी जड आणि टोकाशी हलका, म्हणून नवख्याला नेहमी टोक देतात. ते इतकं हलकं की वाटतं आपण उगाच उभे आहोत, आणि तेवढ्यात वारा आला की कळतं का उभं केलंय. धसकटं घोट्याला टोचतात, हाफ पँट घालून जाऊ नये. पंख ट्रेलरमध्ये, मग धड, कडी लावली, झालं.

क्लबवर आलो तर आवारात एकामागून एक ट्रेलर परत येत होते. जवळजवळ निम्मं ग्रिड शेतात उतरलं होतं, त्यामुळे दिवसाचं वजन कमी झालं आणि आमचं फारसं नुकसान झालं नाही. घरी पोचलेल्यांत पहिला कोण, तर तो जुन्या ग्लायडरवाला, सगळ्यांच्या आधी तासभर निघालेला. बाकीचे लाइनवर एकमेकांची तोंडं बघत बसले होते तेव्हा हा निघून गेला. @तर्कट, आता सांगा लॉटरी का.

तर्कट:
हरलो बुवा. पण त्याला ढगांचा थर येणार हे कसं कळलं?

ट्रेलरवाला:
ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं! सगळ्यांना. बाकीच्यांना वाटलं इतक्या लवकर नाही येणार.

बेडूकउडी:
हाहा, म्हणजे ऐकणं हे पण कौशल्य.

एकाच थर्मलमध्ये दहा-वीस जण फिरतात तेव्हा टक्कर नाही होत?

ट्रेलरवाला:
धोका आहेच, नाही म्हणणार नाही. पहिला ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने सगळ्यांनी फिरायचं हा कडक नियम. शिवाय फ्लार्म नावाचं यंत्र, २००४ ला स्वित्झर्लंडमध्ये आलं, जवळच्या ग्लायडरचा मार्ग बघून टक्कर होणारसं वाटलं की बोंबलतं. पॅराशूट पाठीला असतंच. पण शेवटी मान फिरवत राहणं, स्क्रीनकडे कमी बघणं. कॉकपिटसमोर काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा असतो, ग्लायडर तिरका सरकतोय का ते दाखवणारा, लाखभर पौंडांच्या ग्लायडरवरही तो असतो. बाहेर बघायला लावणारी त्याहून स्वस्त वस्तू नाही.

भुईमूग:
सगळं वाचून भीती वाढली का कमी झाली मलाच कळेना. :) पण लेकीने हा धागा वाचला (गूगल ट्रान्सलेट लावून, मराठी वाचता येत नाही हो, काय करता). तिला आता थेट स्पर्धा करायचीय. आधी कुठून सुरुवात?

ट्रेलरवाला:
स्पर्धा लांब आहे, काही वर्षं लागतात. आधी एकटीने उडणं, ब्रिटनमध्ये १४ पूर्ण झाले की चालतं. मग सिल्व्हर बॅज, म्हणजे ५० किलोमीटर अंतर, १००० मीटर उंची मिळवणं आणि ५ तास हवेत. मग पुढचं.

तुम्हाला रेडिंगहून लॅशम जवळ पडेल, हॅम्पशायरमध्ये, खूप मोठा क्लब आहे. ट्रायल लेसन घ्या, दोन सीटचा ग्लायडर, मागे इन्स्ट्रक्टर, वर गेल्यावर काठी तिच्या हातात देतात. आणि तुम्ही पण घ्या एक, नुसतं खालून बघण्यात जास्त भीती वाटते.

भुईमूग:
बुकिंग केलं, दोघींचं! नवरा म्हणतो मी खालून व्हिडिओ काढतो, खरं कारण वजनाची मर्यादा आहे १०० किलोच्या आसपास, ते साइटवर वाचून गप्प बसला. काय घालून जायचं? जड नाश्ता करावा का?

हडपसरकर:
नाश्ता करा, उपाशी पोटी जास्त मळमळतं. पण मिसळ नको. :D

ट्रेलरवाला:
कड नसलेली टोपी (पुढे छज्जा असला की वरचं दिसत नाही), गॉगल, पातळ तळव्याचे बूट, पाण्याची बाटली. स्लॉट दुपारचा मागा, सकाळी थर्मल नसतात, पाच-दहा मिनिटांत खाली याल. आणि हवा वाईट असेल तर रद्द करतात, त्यामुळे निघायच्या आधी फोन करा.